मॉरिसचं पासिंग

मी बायकांना ब्रेक मारायला शिकवते. बाहेर पाटीवर ‘उल्का मोटार ड्रायव्हिंग स्कूल, फक्त महिलांसाठी’ असं लिहिलंय आणि खाली रंगाऱ्याने स्वतःच्या मनाने एक गुलाबाचं फूल काढून ठेवलंय. पण गाडी पुढे नेणं हे काही शिकवायचं काम नाही. पाय ठेवला की गाडी पुढे जातेच. ती हवी तिथे थांबवणं शिकवावं लागतं. बिबवेवाडीतल्या निम्म्या बायका माझ्या हाताखाली थांबायला शिकल्या, आणि आता हिंजवडीच्या कंपन्यांत नोकरीला लागलेल्या अमरावती-यवतमाळच्या मुलीही यायला लागल्यात. पगार हातात आला की त्या आधी मोबाइल घेतात आणि मग माझ्याकडे नाव घालतात.

माझी परीक्षा सरकारी परीक्षेपेक्षा कडक असते, हे मी अभिमानाने सांगते. मार्केट यार्डामागे नवा डांबरी रस्ता झालाय, सकाळी तिथे चिटपाखरू नसतं. तिथे मी खडूने एक रेघ ओढते आणि पुढे थोड्या अंतरावर एक लिंबू ठेवते. ताशी चाळीसने यायचं, रेघेवर ब्रेक दाबायचा आणि लिंबाच्या अलीकडे थांबायचं. लिंबू चिरडलं तर बाई नापास. वाचलं तर त्याचं सरबत करून आम्ही दोघी पितो. दसऱ्याला लोक नव्याजुन्या गाडीच्या चाकाखाली मुद्दाम लिंबू चिरडतात, दृष्ट लागू नये म्हणून. माझ्याकडे सगळं उलटं, त्यामुळे काही बायका आधी जरा बिचकतात.

या परीक्षेला आमच्या घरातला एक माणूस कधीच बसला नव्हता. माझे यजमान, दिगंबर. तोंडावर मी त्यांना अहो म्हणते, मनात दिगंबरराव म्हणते.

दिगंबरराव म्हणजे कसबा पेठेतल्या डॉक्टरांचे चिरंजीव. बँकेने स्वेच्छानिवृत्ती आणली तेव्हा सगळ्यांत आधी यांनी हात वर केला, कारण यांना दिवसभर गाडी पुसायची होती. गाडी त्यांच्या वडिलांची, मॉरिस मायनर, त्रेपन्न सालची, शेवाळी हिरव्या रंगाची. फ्लॅट घेताना लोक स्वयंपाकघर बघतात, पाणी किती वेळ येतं ते विचारतात. यांनी फक्त पार्किंग बघितलं. छप्पर आहे, म्हणाले, आणि इसार देऊन आले. स्वयंपाकघर मी ताबा मिळाल्यावर पहिल्यांदा बघितलं. त्यात एका वेळी एकच बाई मावते.

त्या गाडीचं कौतुक काय सांगू. नरकचतुर्दशीला घरात पहिली आंघोळ तिची. उटणं तेवढं लावायचं बाकी राहायचं. तेल मात्र लागायचं. दाराच्या रबराला, काचेच्या रबराला, खाली वाकून चाकांपाशी जाणाऱ्या काळ्या नळ्यांना, सगळ्याला खोबरेल. का, तर रबर काळंभोर दिसतं. यांच्या जुन्या मोटारींच्या मंडळात दरवर्षी स्पर्धा असते आणि मूळचा भाग मूळच्या जागी असला की गुण मिळतात. दिगंबररावांच्या गाडीत नळीपासून नटापर्यंत सगळं वडिलांच्या हातचं होतं. त्यांना दरवर्षी दुसरा नंबर मिळायचा आणि दरवर्षी पहिल्याची आशा असायची.

मी त्या गाडीत डाव्या बाजूला बसते. माझ्या शाळेच्या मारुतीत शिकवणारीच्या पायापाशीही एक ब्रेक असतो, बाई गोंधळली की मी दाबते. ती सवय इतकी हाडात गेलीय की मॉरिसमध्ये बसलं की पुढे सायकल दिसली तरी माझा उजवा पाय खाली दाबला जातो. तिथे ब्रेक नाही, नुसता पत्रा आहे.

“पत्रा फाटेल,” दिगंबरराव म्हणायचे. “मूळचा आहे.”

त्यांना याचा फार राग यायचा. नवरा गाडी चालवतोय आणि बायको शेजारी बसून ब्रेक मारतेय, यात त्यांना सगळ्या खानदानाचा अपमान दिसायचा. मी म्हणायचे, पाय माझं ऐकत नाही. ते खरंही होतं.

भांडण पेटलं ते पासिंगवरून. गाडी जुनी झाली की ठरावीक वर्षांनी तपासणीला न्यावी लागते, तिला सगळं पुणं पासिंग म्हणतं. मुदत दिवाळीला संपणार होती, म्हणून दिगंबरराव श्रावणातच मॉरिस घेऊन गेले. टेम्पो आणि रिक्षांच्या रांगेत हिची पाळी आली. तरुण इन्स्पेक्टर म्हणाला, इंडिकेटर दाखवा. आता त्रेपन्न सालच्या मॉरिसला लुकलुकणारे दिवे कुठले? तिला दरवाजाच्या बाजूला एक लाल हात आहे. बटण दाबलं की तो बाहेर येतो आणि सांगतो, मी इकडे वळतेय. दिगंबररावांनी ऐटीत बटण दाबलं. हात बाहेर आला. रांगेतल्या टेम्पोवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. मग तो हात आत जाईना. दिगंबररावांनी उतरून त्याला चापट मारली, तेव्हा गेला. टाळ्या वाढल्या.

“काका, दिवे बसवून आणा,” इन्स्पेक्टर म्हणाला. “मग लगेच करून देतो.”

त्याचं काही चुकलं नव्हतं. पण दिवे बसवायचे म्हणजे मडगार्डला भोक पाडायचं. दिगंबरराव घरी आले, बूटसुद्धा न काढता सोफ्यावर बसले आणि म्हणाले, “त्यापेक्षा माझ्या डोक्याला भोक पाडा.”

त्या रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मंडळाची बैठक बोलावली आणि एक मोठा अर्ज तयार झाला. पन्नाशीला आलेल्या मोटारींना पासिंगमधून कायमची सूट द्यावी. कारण काय, तर या मोटारी मालक पोटच्या पोरासारख्या सांभाळतात, कुठल्याही इन्स्पेक्टरपेक्षा जास्त. परिवहन खात्यातल्या एका मोठ्या साहेबांना जुन्या गाड्यांची आवड होती. त्यांनी कबूल केलं की नवरात्राआधीच्या रविवारी मंडळाच्या सगळ्या गाड्या कात्रजचा घाट चढून जुन्या बोगद्यापर्यंत जातील, परत खाली उतरतील, आणि पायथ्याशी साहेब अर्ज हातात घेतील. आमची ऋचा सॉफ्टवेअरमध्ये आहे, रविवारी दुपारपर्यंत झोपते. तीसुद्धा यायला तयार झाली. बाबांच्या शेजारी, आजोबांच्या गाडीत, पैठणी नेसून. दिगंबरराव दोन आठवडे नुसते हसत फिरत होते.

एकच गोष्ट राहिली होती. अर्जाला जाणकाराचं मत जोडायचं होतं, की या गाड्या रस्त्यावर सुरक्षित आहेत. आरटीओत माझं नाव सगळे ओळखतात. मंडळाचं ठरलं की उल्काताईंचं मत जोडावं. मला कुणी विचारलं नव्हतं. संध्याकाळी चहाच्या कपाशेजारी तयार कागद आला आणि त्यावर पेन.

“इथे सही कर,” दिगंबरराव म्हणाले.

मी वाचलं. “मी सही करणार नाही.”

“का?”

“मी तुमच्या गाडीचा ब्रेक बघितलेला नाही.”

“लग्न झाल्यापासून त्या गाडीत बसतेयस!”

“बसते. ती थांबताना बघितलेली नाही. तुम्ही ताशी वीसने नेता. त्या वेगात हातगाडीसुद्धा थांबते. घाट उतरताना काय करणार?”

“गियरमध्ये उतरवणार. वडील असेच उतरवायचे.”

“वडिलांच्या पुढे एसटी होती, दिवसातून एखादी. आता ट्रक आहेत, आणि माझी मुलगी शेजारी बसणार आहे.”

“आपली मुलगी,” ते म्हणाले.

“गाडी पुसताना तुम्हाला ती आठवते का?”

हे जरा लागेल असं बोलले, कळलं मला. पण मी मागे घेतलं नाही. ऋचा आतून मोबाइल कानाला लावून बाहेर आली, तो बाजूला धरून म्हणाली, “बाबा, सिम्पल आहे ना. टेस्ट करून टाका. आमच्याकडे टेस्टिंगशिवाय काहीच रिलीज होत नाही.”

“तुझ्या आईच्या शाळेत पुरुषांना प्रवेश नाही,” दिगंबरराव म्हणाले. “पाटीवर लिहिलंय.”

“तुमच्यापुरती सूट देते,” मी म्हटलं. “तुम्हाला सूट आवडते ना.”

मग काही दिवस आमच्या घरात फार सभ्य भाषा चालली. आपण मीठ देता का, आपला पेपर वाचून झाला का. पुण्यात नवरा बायकोला आपण म्हणायला लागला की समजावं, प्रकरण गंभीर आहे. शेवटी एका सकाळी ते चावी घेऊन दारात उभे राहिले.

“चला बाई,” म्हणाले. “लिंबू घ्या. नंतर सही करायची आहे, पेनही घ्या.”

मला भीती वाटत नव्हती. खरं सांगायचं तर मला वाटत होतं की गाडी थांबेल, लिंबाच्या जरा पुढे थांबेल, थोडी भांडणं होतील आणि मेकॅनिककडे ब्रेक आवळून घ्यायला सांगता येईल. ऋचा रस्त्याच्या कडेला लिंबू हातात घेऊन उभी राहिली. तिथे कुणाचं तरी बांधकाम चालू होतं, वाळूचे ढीग पडले होते. मी डाव्या सीटवर बसले. दिगंबररावांनी टोपी घातली होती.

पहिल्यांदा गाडी आली, रेघेवर ब्रेक दाबला, आणि मॉरिस लिंबाच्या चांगली अलीकडे थांबली. अगदी नेमकी. ऋचाने शिट्टी मारली. दिगंबररावांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, नुसता हात पुढे केला. पेनसाठी.

“माझ्याकडे तीनदा असतं,” मी म्हटलं. “सगळ्या बायकांना तीनदा.”

दुसऱ्यांदाही थांबली. आता दिगंबरराव शीळ घालत होते. मलाही खरंच बरं वाटलं होतं. मनात म्हटलं, सही करून टाकू, मडगार्डची भोकंही वाचतील. तिसऱ्यांदा ते जरा जोरात आले. रेघ आली, त्यांनी पाय दाबला, आणि मी त्यांचा गुडघा बघितला. तो खाली गेला आणि खालीच राहिला. गाडी तशीच चालली होती. त्यांनी पुन्हा दाबला. काही नाही. माझा पाय माझ्या बाजूच्या पत्र्यावर होता, मूळच्या, सगळ्या ताकदीनिशी.

लिंबू गेलं. मला ते चाकाखाली जाताना दिसलंसुद्धा नाही. मी दोन सीटच्या मधला हँडब्रेक दोन्ही हातांनी ओढला आणि ओरडले, “वाळूत घाला!” त्यांनी घातली. मॉरिस नाक वर करून वाळूच्या ढिगात शिरली आणि बंद पडली.

ऋचा धावत आली. कुणाला काही झालं नव्हतं. तिने दार उघडलं, आम्हाला दोघांना हात लावून बघितलं, आणि मग रस्त्यावर खाली बसून रडायला लागली.

दिगंबरराव उतरले, पालथे झाले आणि गाडीखाली बघितलं. पुढच्या चाकापाशी जाणारी ब्रेकची रबरी नळी फुटली होती आणि सगळं ब्रेक ऑइल वाळूत सांडलं होतं. त्यांनी हात घालून ती नळी दाबून बघितली. बाहेरून काळीभोर, चकचकीत. बोटाखाली नुसता लगदा. मग त्यांनी बोट नाकाशी नेलं.

“खोबरेल,” ते म्हणाले. “रबराला तेल चालत नाही. फुगतं. मला हे माहीत होतं, उल्का. नळ्या जुन्या झाल्यात हेही माहीत होतं. पण इतक्या छान दिसायच्या.”

त्यांनी ऋचाकडे बघितलं आणि मान खाली घातली. मला इतका संताप आला होता की त्यांच्या डोक्यातली टोपी काढून त्यांनाच फेकून मारावी, आणि त्याच वेळी त्यांना जवळ घ्यावंसं वाटत होतं. मी दोन्ही केलं. आधी टोपी मारली.

रविवारी मंडळाच्या गाड्या घाटातून झळझळत उतरल्या. मॉरिस नव्हती, तिच्या नळ्या काढून ठेवल्या होत्या. मंडळाचे चिटणीस दिगंबरराव पायथ्याशी आले ते माझ्या शाळेच्या मारुतीतून, पुढे-मागे लाल रंगात ‘एल’, टपावर गुलाबाच्या फुलाची पाटी. फेटे बांधलेले सभासद बघतच राहिले. एकजण म्हणाला, “काय चिटणीस, नव्याने शिकताय का?”

“हो,” दिगंबरराव म्हणाले.

साहेब खुर्चीवर बसले होते. दिगंबररावांनी अर्ज पुढे केला नाही. खिशातून फुटलेली नळी काढली आणि टेबलावर ठेवली. रुमाल नाही, कागद नाही, नुसती नळी. त्यांचा आवाज बँकेत कधी वरच्या साहेबांसमोरही चढला नव्हता, तो त्या दिवशी सगळ्यांना ऐकू गेला.

“साहेब, ही माझ्या गाडीची. आज ही घाटात फुटली असती, शेजारी माझी मुलगी असती. अर्जात आम्ही लिहिलंय की आम्ही गाडी पोटच्या पोरासारखी सांभाळतो. ते खरं आहे, आणि तीच अडचण आहे. पोटच्या पोरात कुणाला खोट दिसत नाही. मी हिला रोज बघत होतो आणि मला ही सुंदर दिसत होती.”

अध्यक्षांनी त्यांचा कोट मागून ओढला. दिगंबररावांनी तो सोडवून घेतला.

“मग मागणी काय आहे तुमची?” साहेबांनी विचारलं.

“दिव्यांची सूट द्या, मडगार्डला भोकं पाडायला लावू नका, आमचा हात चालतो. ब्रेकची सूट देऊ नका. आणि आमच्या गाड्या आम्हाला तपासायला सांगू नका. माझी दुसऱ्याने तपासावी, दुसऱ्याची मी तपासेन. मी फार बारकाईने तपासेन.”

शेवटच्या वाक्याला पहिला नंबर मिळवणाऱ्या सभासदाने मान फिरवली. साहेब मात्र हसले आणि म्हणाले, असं लिहून द्या. दिगंबररावांनी तिथेच मारुतीच्या बॉनेटवर कागद ठेवून नवा अर्ज लिहिला, आणि मी त्याखाली सही केली, शाळेच्या शिक्क्यासकट. मंडळातल्या निम्म्या लोकांनी केली नाही. काहीजण अजून आमच्याशी बोलत नाहीत, त्यामुळे घरात शांतता आहे. अर्जाचं म्हणाल तर तो विचाराधीन आहे, असं उत्तर आलं. सरकारचा विचार आमच्या मॉरिससारखाच सावकाश चालतो.

तोपर्यंत गाडी बंद ठेवणं काही शक्य नव्हतं. ऋचाने उपाय सुचवला. बंपरला पट्टीने आवळून दिवे बसवले, एकही भोक न पाडता. स्पर्धेत गुण जाणार होते, नव्या नळ्यांचे गेलेच होते. दिगंबररावांनी पासिंगच्या रांगेत पुन्हा पाळी लावली. त्याच इन्स्पेक्टरने चालवून बघितली, थांबवून बघितली आणि पास केली. जाताना म्हणाला, “काका, तो हात एकदा दाखवा ना.” त्यांनी दाखवला. या वेळी तो आपणहून आत गेला.

दसऱ्याला सकाळी पार्किंगमध्ये पूजा झाली. झेंडूचा हार, हळदकुंकू, नारळ. चाकाखाली ठेवायला मी लिंबू काढलं तर दिगंबररावांनी ते माझ्या हातातून घेतलं आणि ऋचाला दिलं.

“मार्केट यार्डामागे,” म्हणाले. “तू पुढे हो स्कूटीवर. रेघ ओढून ठेव.”

“अहो, आज सणाचं राहू दे,” मी म्हटलं.

“माझी परीक्षा राहिलीय.”

रस्त्याच्या टोकाला गाडी उभी केली. लांब, रेघेच्या पुढे, ऋचा पिवळी साडी नेसून उभी होती, आणि तिच्या जवळ डांबरावर लिंबाचा ठिपका होता. दिगंबररावांनी इंजिन चालू ठेवलं आणि घाम पुसला. मी ते बघितलं. इतकी वर्षं मी या माणसाशेजारी बसून पत्रा दाबत होते, आणि तोही ते इतकी वर्षं बघत होता.

मी चपला काढल्या, पाय वर घेतले आणि त्या अरुंद सीटवर मांडी घालून बसले. पूजेचं ताट मांडीवर घेतलं, दोन्ही हातांनी धरलं.

“हे काय?” दिगंबरराव म्हणाले. “पाय खाली घे. निदान एक हात हँडब्रेकवर ठेव.”

“तुम्ही थांबवा,” मी म्हटलं. “चला.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पुढे बघितलं. गाडी निघाली. वाळूचे ढीग जवळ आले, हारातल्या पाकळ्या काचेवर उडायला लागल्या. रेघ आली. त्यांनी पाय दाबला, मॉरिसने नाक खाली घातलं, ताटातलं सगळं कुंकू माझ्या पदरावर सांडलं, आणि आम्ही थांबलो. ऋचा ओरडत, टाळ्या पिटत आली.

दिगंबरराव उतरले. पुढच्या चाकापाशी वाकले, लिंबू उचललं, सदऱ्याला पुसलं आणि माझ्या खिडकीतून आत दिलं. अख्खं होतं.

“अजून दोनदा आहे ना?” त्यांनी विचारलं.

“नाही,” मी म्हटलं. “पास.”

मग मी पाय खाली घेतले. मांडी घातल्याने दोन्ही पायांना मुंग्या आल्या होत्या, त्यामुळे उतरताना मला त्यांचा हात धरावा लागला.